भूपाला अडीच चांदण्या? जरा अतिच झालं

जुनी तबकडी

परवा इथे एकाने ‘या महिन्यात ऐकलेले अल्बम : माझ्या प्रामाणिक प्रतिक्रिया’ असं लिहिलं. पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ला पाच चांदण्या, जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ला साडेचार, कुठल्याशा नव्या फ्युजन अल्बमला चार, आपल्या गोव्याच्या रेमो फर्नांडिसच्या ‘गोवन क्रेझी’ला दोन आणि किशोरीताई आमोणकरांच्या भूप-बागेश्री या रागांच्या तबकडीला अडीच. कारण काय, तर म्हणे "पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही".

भूपात काय घडायला हवं होतं? खून? त्यातली ‘प्रथम सुर साधे’ ही चीज परत लावा आणि ताई गंधारावर, म्हणजे ‘ग’वर, कशा येऊन टेकतात ते ऐका. सा रे ग प ध, एवढंच भांडवल. याच पाच स्वरांत वजन धैवताकडे, म्हणजे ‘ध’कडे, सरकलं की झाला देशकार, दुसराच राग. तिकडे पाय घसरू न देता विलंबितात, संथ लयीत, इतका वेळ हिंडायचं, यात काही घडत नाही? आता गंमत बघा. ‘काइंड ऑफ ब्लू’तली पहिलीच चीज सोळा बार (चार-चार मात्रांचे खंड) एका सुरावलीवर चालते, मग आठ बार अर्धा सूर वर, मग आठ बार परत खाली. त्यावर हेच साहेब लिहितात, "काय मोकळी जागा ठेवलीय!" म्हणजे माइल्सने ठेवली तर मोकळी जागा आणि कुर्डीच्या मोगूबाईंच्या लेकीने ठेवली तर कंटाळा.

आवडलं नाही म्हणा, कोण अडवतंय. पण चांदण्या कसल्या वाटताय? हॉटेल आहे का ते?

पावसाळी हेडफोन

साहेब मीच. फोंड्याचा.

"कंटाळा आला" हे मी माझ्याबद्दल लिहिलं होतं, किशोरीताईंबद्दल नव्हे. लहानपणी देवळातल्या उत्सवाला गाण्याची बैठक असली की आम्हा पोरांना पुढच्या रांगेत बसवायचे. काय ऐकायचं ते एकानेही सांगितलं नाही. जांभई दिली की मागून चिमटा. एका काकांचा हात तर सदैव तयार असायचा. समेवर सगळ्यांच्या माना हलायच्या आणि मी बाजूच्याकडे बघून हलवायचो. जॅझने माझ्याकडून असली परीक्षा घेतली नाही. रात्री दिवा मालवला, हेडफोन लावले, बस्स. तुम्ही आता गंधार-धैवताचं चार ओळींत सांगितलंत, ते त्या काकांनी तेव्हा सांगितलं असतं तर?

आणि फ्युजन अल्बमला चार दिल्या त्या घुमटासाठी, आपल्या गोव्याच्या मडक्याच्या वाद्यासाठी. त्यावर कोणीच बोललं नाही.

माटोळीखाली

त्यावर मी बोलतो. तो घुमट नव्हेच.

मी ऐकला तो तुकडा. एक थाप रेकॉर्ड केलीय आणि कॉम्प्युटरवर तीच फिरवलीय. घुमटाला दोन तोंडं असतात हे त्या संगीतकाराला कोणी सांगितलं नसावं. मोठ्या तोंडावर कातडं, त्यावर उजव्या हाताची बोटं. लहान तोंड उघडं, आणि सगळी करामत तिथे डाव्या तळव्याची. तळवा झाकला की आवाज कोंडतो, सोडला की तो ‘घूं’ वर उचलतो. तुमच्या अल्बमात डावा हातच नाही! शिवाय कातडं शेळीचं. चवथीच्या, म्हणजे गणपतीतल्या, पावसात शेळीचं कातडं दुसऱ्या आरतीला सैल पडतं. आमच्या आजोबांचा घोरपडीच्या कातड्याचा घुमट समेळाच्या (जोडीच्या ढोलाच्या) काठ्यांवर चढून, तीन घरं सोडून ऐकू यायचा. तो नाद गेला तो गेलाच. आता पोरं आरतीला ब्लूटूथ स्पीकर लावतात आणि आम्ही टाळ्या वाजवतो.

डिचोलीवाली

बाब, घोरपड मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हळहळ ठीक, पण जाहिरात नको.

माटोळीखाली

बाय, मी घोरपड मारा म्हटलं का? नाद गेला म्हटलं. नाद गेला हे म्हणण्यावरही बंदी आहे का?

डिचोलीवाली

बंदी नाही, पण अर्धवट सांगू नका. 2019 साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं ते शेळीचं कातडं धरूनच. आमच्या वाड्यावर सुवारीचं, म्हणजे घुमटवादनाचं, पथक आहे, सगळे घुमट शेळीचे. कातडं ओलं असताना कसं ताणलं, तिथे खरी गोम आहे. आरतीआधी विस्तवापाशी जरा शेकलं की टणटणीत. माझा भाऊ ही तयारी न चुकता करतो. तुमच्याकडे सैल पडतं ते आळसाने.

माटोळीखाली

आळशी म्हटलंत, छान. एकदा या आमच्याकडे चवथीला. विस्तव पेटवून देतो, शेका आणि वाजवून दाखवा.

सोल्फेज

घुमट म्हटलं की तुम्हा लोकांना फक्त चवथ आठवते. मांडोला, आमच्या कोकणी गाण्याला, व्हायोलिनबरोबर घुमटच वाजतो, माझ्या आजीच्या लग्नात वाजला होता. हे तुमच्या एकाही वाक्यात नाही.

आणि मूळ यादीतही तेच. एक किशोरीताई, एक रेमो, बाकी सगळं परदेशी. तियात्रातली, म्हणजे आमच्या कोकणी नाटकांतली, कांतारां (गाणी) कुठे आहेत? ज्या तबकड्यांची पूजा चाललीय, त्यातल्या हिंदी सिनेमाच्या तबकड्या पालथ्या करून बघा. शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदाची बांधणी सेबॅस्टियन डिसोझांची. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, सगळे आमच्या इगर्जीच्या (चर्चच्या) शाळांत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, घोकून मुंबईला गेलेले. कित्येक तबकड्यांवर त्यांचं नावसुद्धा नाही. त्यांना किती चांदण्या?

जुनी तबकडी

विषय काय, चाललंय काय! मी भूपाबद्दल लिहिलं होतं.

सोल्फेज

तुमचा विषय नेहमी भूपच असतो. आता केसरबाई केरकर आणि ते व्हॉयेजर अंतराळयान कधी येतात त्याची वाट बघतोय.

जुनी तबकडी

येतीलच! 1977 साली व्हॉयेजरवर ‘जात कहाँ हो’ गेली, साडेतीन मिनिटांची भैरवी. एरवी बाई रेकॉर्डिंगला सहज तयार होत नसत. एवढ्याशा अवधीत केरीच्या त्या बाईने काय उभं केलंय ते ऐका, म्हणजे "काहीच घडत नाही" म्हणायची सोय उरणार नाही.

पावसाळी हेडफोन

पण मग मला सुरुवातीला तेच द्यायचं ना! साडेतीन मिनिटांवरून विलंबितावर जाता येईल. तुम्ही थेट विलंबितात ढकलता आणि वर म्हणता पोहता येत नाही.

शिवोली रिटर्न

रेमोच्या दोन चांदण्यांवर कोणालाच राग येत नाही याचा मला राग येतोय. 1984 साली शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या टेपवर एकट्याने केलेलं काम आहे ते. वाद्यं स्वतः, आवाज स्वतः, कव्हर स्वतः, आणि कॅसेटी दुकानोदुकानी पोचवल्या त्याही स्वतःच्या स्कूटरवरून. "आवाज घरगुती" म्हणे. घरातच केलाय रे बाबा! आमच्याकडची कॅसेट ताणली जाऊन त्याचा आवाज बसलेला वाटायचा, तरी आम्ही थोरल्या भावाच्या टेपवर लावायचो. ‘डार्क साइड’ला 1973 सालचा लंडनचा भलामोठा स्टुडिओ होता. दोघांना एका रांगेत उभं करायचं आणि वर दोन चांदण्या?

पावसाळी हेडफोन

बरं, अर्धी चांदणी स्कूटरची. अडीच.

शिवोली रिटर्न

ठेव तुझ्याकडेच.

जुनी तबकडी

एक कबूल करतो, नाइलाजाने. त्या चिमटेवाल्या काकांनी गाण्याचं नुकसान केलं. आमच्या पिढीत असले काका भरपूर होते. पण पंचविशीत हातात फोन असताना, कानाला गंधार ऐकायला लावणं हे काकांचं काम राहत नाही.

पावसाळी हेडफोन

ऐकला. काल रात्री, तुम्ही सांगितलं म्हणून. भूपातल्याच ‘सहेला रे’ या जलद चीजेला मजा आली. विलंबितात अजूनही मी मध्येच फोन बघितला. चांदण्या बदलणार नाही.

जुनी तबकडी

मग तुमच्या-माझ्यात बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

सोल्फेज

कांतारांच्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही, नोंद असावी.

माटोळीखाली

मांडोतला घुमट मी विसरलो होतो असं नाही, पण ठीक आहे, राहिलं. डिचोलीवाली बाय, भांडण बाजूला ठेवा. तुमचा भाऊ घुमट कुणाकडून मढवून घेतो? चवथ तोंडावर आलीय आणि आमच्या दोनपैकी एकाचं कातडं फाटलंय.

डिचोलीवाली

आळशी माणसांना पत्ता देत नाही. विचारून कळवते. मडकं शाबूत आहे ना? की तेही नवीन पाहिजे?