हुशार सुरुंगांना स्वतःची चाल असावी का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता):
सांगलीत आम्ही काही जण रविवारी विज्ञानकथेतला वॉरगेम, म्हणजे टेबलावरचा लढाईचा खेळ, खेळतो. सहा बाय चार फुटांचं टेबल, सध्याचा डाव २१४० सालचा. मधून कृष्णा, तिच्यावर आयर्विन पूल, पलीकडे हळदीच्या गोदामांत लपलेले स्वयंचलित रणगाडे. पण सुरुंग मात्र अजून कागदावरची फुली. कुणी तिथं आलं की फासा टाकायचा, संपलं.

प्रत्यक्षात मजल याच्या पुढे कधीच गेली आहे. हॉर्नेट नावाचा अमेरिकी सुरुंग वाहनाचा आवाज आणि जमिनीची थरथर ओळखून शंभर मीटरपर्यंतच्या रणगाड्यावर वरून मारा करायचा. डार्पा या अमेरिकेच्या लष्करी संशोधन संस्थेने २००० च्या सुमारास प्रयोग केला तो याहून भारी: वाट फोडली गेली की उरलेले सुरुंग आपसांत रेडिओवर बोलतात आणि उड्या मारून ती बुजवतात.

म्हणून माझं म्हणणं, सुरुंगांना स्वतःची चाल द्या. दर फेरीअखेर ते तीन इंच खिंडाराकडे सरकतील. मालकाने मात्र डावाआधीच चिठ्ठीवर आदेश लिहायचा, 'फक्त जड वाहन' किंवा 'पहिली दोन सोडा, तिसरं उडवा', आणि पाकीट बंद. नंतर बदल नाही. तो आदेश काय असेल हे ओळखून सुरुंगाला फसवणं, हा समोरच्याचा खेळ.

मिरजेचं प्यादं:
साफ असहमत. सुरुंगाची सगळी ताकद तो दिसत नाही यात आहे. सुरुंगांच्या चकत्या टेबलावर सरकायला लागल्या की समोरचा इंच मोजून चालणार, भीती गेली. शिवाय चाळीस चकत्या हलवत बसलो तर दिवेलागणीपर्यंत तीन फेऱ्या व्हायच्या नाहीत.

कृष्णाकाठ:
चाळीस कशाला? एक चकती म्हणजे सुरुंगांचा एक अख्खा पट्टा, सहा पुरतात. लपवायचं काम पंचाकडे द्या. राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यापुढे मांडलेल्या खेळात हेच होतं. शत्रूचं जे खरोखर दिसेल तेवढंच पंच पटावर मांडायचा.

अपशिंगेकर:
आमचं गाव साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी. घरात तीन पिढ्या फौजेत, त्यामुळे हा विषय मला नुसत्या चकत्यांचा वाटत नाही.

'फक्त जड वाहन' म्हणता. गळीत हंगामात तुमच्या त्याच रस्त्याने दोन ट्रॉल्या ऊस भरून ट्रॅक्टर जातो. वजन भरपूर, इंजिनाची धडधड भरपूर. सुरुंगाला तो काय वाटेल? तो ट्रॅक्टर टेबलावर हवाच.

दुसरं, सुरुंग मरतो कधी? २००१-०२ च्या 'पराक्रम' मोहिमेत पाकिस्तान सीमेवर पेरलेल्या सुरुंगांनी पेरताना आणि काढतानाही जवान घेतले, शेतकरी जायबंदी केले. माणसांविरुद्धच्या सुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारात भारत नाही, पण सुरुंगांच्या वापरावर मर्यादा घालणारा १९९६ चा सुधारित आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉल आपल्याला मान्य आहे. त्यात दुरून टाकलेल्या माणसांविरुद्धच्या सुरुंगांपैकी निदान ९० टक्के ३० दिवसांत आपोआप नष्ट व्हावेत अशी अट आहे. तेच नियमात घ्या. मुदत संपली की दहा बाजूंचा फासा टाका, एक पडला तर सुरुंग जिवंत. डावाअखेर जिवंत राहिलेल्या प्रत्येकाचे गुण पेरणाऱ्याकडून कापा.

मिरजेचं प्यादं:
ट्रॅक्टर मान्य, त्याने डाव रंगेल. गुण कापायला मात्र माझा विरोध. सेनापती पूल राखायला लढतोय, पुढच्या वर्षीच्या पेरणीचा हिशेब त्याच्या गळ्यात घातला तर सुरुंग कुणी वापरणारच नाही.

अपशिंगेकर:
मग नको वापरू दे. किंमत कळल्यावरही वापरला, तर तो खरा निर्णय.

वारणाकाठी:
पूर विसरलात सगळे! २०१९ मध्ये सांगलीत पाणी कुठवर आलं होतं ते आठवा. बोस्नियात २०१४ च्या पुरात आणि दरडींत जुने सुरुंग जागचे हलले, धोक्याच्या पाट्याही वाहून गेल्या. आपल्या पटावर पूर आला की पंचाने चकती सहा इंच खाली न्यावी, मालकाच्या नकाशावर ती जुन्याच जागी.

आता सुरुंग हुशार आहे, नवी जागा रेडिओवरून कळवेल. पण रेडिओ शत्रूलाही ऐकू जातो. उड्या मारून वाट बुजवायची तरी आधी बोलावंच लागणार. म्हणून पाकिटातल्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ हवी: बोलायचं की गप्प राहायचं. गप्प राहिला तर सरकणार नाही, वाहून गेला तर मालकालाही सापडणार नाही. बोलला तर पंच शत्रूला दिशा सांगणार.

मिरजेचं प्यादं:
गप्प राहणारा सुरुंग असेल तर सरकण्यावरचा माझा आक्षेप मागे. भीती परत आली. गुणांवर मात्र अजून भांडणार. येत्या रविवारी पूल मी राखतो, अपशिंगेकरांनी ट्रॅक्टर चालवावा.