वाचणं फुकट, छापणं महाग

कुणी कुणी म्हणतं, २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं, म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या जर्नलांची वर्गणी सरकारच भरणार, आता संशोधकांची चिंता मिटली. अर्धीच मिटली हो! सरकारी विद्यापीठात जर्नलं वाचता येतात, पण ओपन ॲक्सेसमध्ये, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येईल असं, छापायला बऱ्याच ठिकाणी लेखकानेच पैसे मोजायचे. 'नेचर'सारख्या नामांकित विज्ञान जर्नलमध्ये तर १० लाखांच्या घरात.

दुसरं दुखणं वेगळंच. आमच्या बडोद्यात विश्वामित्री नदीतल्या मगरी भर शहरात राहतात. काठावर उभं राहून वर्षानुवर्षं केलेल्या नोंदी 'विषय फार स्थानिक' म्हणून साभार परत येतात. उपग्रहाची चित्रं घेऊन पंख्याखाली केलेलं मॉडेल मात्र चटकन छापून येतं. माझ्या भाचीने शेवटी आपल्या शोधनिबंधातून मगरींच्या बिळांचा भागच गाळला. पेपरातला खरा माल तोच होता.