मदत हवी आहे: भूल देताना एकच मोठा श्वास पेशंटला कसा समजावता?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत भूलतज्ज्ञ आहे. सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणारे पेशंट आमच्याकडे बरेच. ज्यांना सुईची फार धास्ती असते, अशा मोठ्या माणसांना मी मास्कवरूनच सेव्होफ्लुरेन (श्वासातून द्यायचं भुलीचं औषध) देते.

सर्किट, म्हणजे मशीनपासून मास्कपर्यंतच्या नळ्या, आधी 8 टक्के सेव्होफ्लुरेनने भरून घेते. मग छातीतली हवा पूर्ण सोडायची, मास्क घट्ट लावायचा, एक खोल श्वास आत आणि जमेल तितका रोखायचा. नीट जमलं तर साधारण मिनिटभरात झोप लागते, साध्या श्वासांपेक्षा लवकर.

अडतं ते पहिल्याच पायरीवर. परवा तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका होते. 'श्वास पूर्ण सोडा' म्हटलं की थोडासा सोडायचे आणि लगेच आत ओढायचे. मास्क तोंडाशी आला तशी माझं मनगटच धरलं, मग खोकला. शेवटी म्हटलं, काका, नेहमीसारखा श्वास घ्या. वेळ जास्त लागला, पण शांत झोपले.

तेव्हापासून वॉर्डातच रिकाम्या मास्कवर तीनदा सराव करून घेते. 'चूल फुंकल्यागत सगळी हवा सोडा' म्हटलं की आमच्याकडच्या मावशींना पटकन कळतं. पुरुषांसाठी असं चपखल वाक्य अजून सापडलेलं नाही.

तुम्ही नेमके कोणते शब्द वापरता? वयस्कर पेशंटना सरळ साधे श्वासच देता का? श्वास रोखणं न जमणाऱ्यांना सलग तीन-चार खोल श्वास घ्यायला लावलेत का कुणी? उद्याच्या यादीत असे तिघे आहेत, आज रात्रीपर्यंत कुणी सांगितलं तर फार बरं होईल.