विरळ केसांना स्टेप कट नको

डोक्यावर भांग रुंद दिसतो म्हणून स्टेप कट, म्हणजे कमी-जास्त लांबीचे थर (लेयर्स) देऊन केस कापणं, करू का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत, नको. विरळ केसांना फार लेयर्स दिले की टोकं आणखी पातळ दिसतात. खांद्यापर्यंत, खाली सरळ एका रेषेत कापलेले केस जास्त भरीव वाटतात.

वर्षानुवर्षं एकाच जागी भांग पाडला की केस तिथे चप्प बसतात. तो बोटभर बाजूला घ्या आणि सरळ रेघेऐवजी किंचित नागमोडी काढा, टाळू लगेच कमी दिसते. कंडिशनर फक्त टोकांना. धुतल्यावर मान खाली घालून मुळं वाळवा. तेल धुण्याआधीच लावा. तेलकट केस एकमेकांना चिकटतात आणि मधली त्वचा उघडी पडते.

घट्ट अंबाडा मात्र खरंच सोडा. सततच्या ताणाने कपाळाजवळचे केस जातात आणि हे फार वर्षं चाललं तर परत येत नाहीत. गळती अचानक वाढली असेल तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्या. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर 2-3 महिन्यांनी गळणारे केस बहुतेकदा पुन्हा येतात, तेव्हा तुमचं त्यातलं असेल तर धीर धरा.