मदत हवी आहे: आधी कोणती ऑरोरा दाखवू?

आईला ‘ऑरोरा टीगार्डन’चे चित्रपट दाखवायचे आहेत. खुनाचं कोडं आहे पण रक्तपात नाही, तिला झेपेल. अडलंय ते क्रमावर. 2015 पासून ग्रंथपाल ऑरोरा कँडेस कॅमेरॉन ब्युरेने रंगवली. 2023 च्या ‘समथिंग न्यू’मध्ये तिची तरुणपणीची गोष्ट आली, तेव्हा भूमिका स्कायलर सॅम्युअल्सकडे गेली. तिथे ऑरोरा शिकता शिकता डायनरमध्ये वेट्रेसचं काम करते. ऑरोराची आई मात्र दोन्हीकडे मेरिलू हेनरच!

मला स्कायलर मनापासून आवडली. पण माझ्या आईचा चेहऱ्यांवर जीव जडतो. कलाकार बदलला की ती मालिकाच सोडते. तरुण ऑरोरा आधी दाखवली तर नंतर ब्युरे तिला परकी वाटेल का? दोन्ही पाहिलेल्यांनी प्लीज सांगा. हिंदी सबटायटल्स कुठे मिळतील, तेही कळवा.