जिवंत यीस्टचंही ऐका की!

वाइनच्या तळाशी बसणारा यीस्टचा गाळ लवकर काढायचा की नाही, असा वाद चालू आहे. यीस्टच्या पेशीभित्तिकेतली (पेशीभोवतीच्या भिंतीतली) प्रथिनं वाइनच्या कामी येतात ती यीस्ट मेल्यावर, गाळात पडून पेशी फुटू लागल्या की, असा सूर त्यात दिसतोय. मॅनोप्रोटीनांबद्दल (भित्तिकेतली मॅनोज साखर जोडलेली प्रथिनं) ते बरंचसं खरं आहे (थोडी आंबवणं चालू असतानाच सुटतात म्हणा). पण स्पेनमधल्या हेरेसची फिनो शेरी (तिथल्या वाइनचा एक फिकट, कोरडा प्रकार) या चर्चेत आलीच नाही. तिथे सगळा खेळ जिवंत पेशींचा आहे.

पिंपं मुद्दाम अपुरी भरतात आणि मद्यार्क 15 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. साखर संपली की यीस्टच्या भित्तिकेवर फ्लो11 नावाचं प्रथिन वाढतं. ते पाण्याला दूर ठेवणारं, त्यामुळे पेशी एकमेकींना चिकटतात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे त्यांच्यात अडकतात आणि सगळा थवा वर तरंगतो. पृष्ठभागावर पांढरट साय धरते, तिला 'फ्लोर' म्हणतात. ही साय हवा अडवते, म्हणून फिनो फिकट राहते. शिवाय मद्यार्क आणि ग्लिसरॉल खाऊन अ‍ॅसिटाल्डिहाइड हे उग्र वासाचं रसायन सोडते. फिनोचा तो सुक्या बदामासारखा तिखटसर वास बराचसा त्याचाच. मद्यार्क 17 टक्क्यांवर नेला की फ्लोर टिकत नाही. मग हवा लागून ओलोरोसो ही तपकिरी शेरी होते. गाळ लवकर काढायचा की नाही हा वाद फिनोला लावून बघा, प्रश्नच वेगळा होतो.