प्रतिसाद: वाऱ्यात जॅक किती चढवायचे?
बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या पायथ्याशी मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) डुलते म्हणून तिच्या कोपऱ्यांखालचे, गाडी स्थिर ठेवणारे जॅक अजून वर चढवू का, असं विचारलंय. नको! चाकं जमिनीवरच राहू द्या. मागची उचलली की हँडब्रेकचा उपयोग संपला. जॅकनं स्प्रिंगवरचा थोडा भार घ्यायचा, एवढंच.

त्याआधी गाडीचं तोंड वाऱ्याकडे, म्हणजे पावसाळ्यात बहुतेक पश्चिमेला करा. 15 चौरस मीटरच्या बाजूवर ताशी 60 किलोमीटरचा वारा साधारण 250 किलोचा रेटा देतो. ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूचं कापडी छत, गुंडाळूनच ठेवा.

खानापूरकडच्या जांभ्यावर साधी फळी पुरते. अथणीकडच्या काळ्या रानात मात्र पावसानं जॅक रुततो, एक कोपरा खचला की चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, पिळतं. तिथं फूटभर चौरस, 18 मिलिमीटर प्लायचे दोन थर घाला आणि अर्ध्या तासानं लेव्हल परत बघा.